तलावाचा पास, बागेचं तिकीट: महापालिकेच्या खेळ-करमणुकीचा खर्च नेमका कोणी भरायचा?

वार्षिक परीक्षा संपतात, ऊन तापू लागतं आणि महापालिकेच्या पोहण्याच्या तलावाबाहेर पालकांची रांग लागते. खिडकीवर नवा दरफलक असतो, आणि रांगेत नेहमीचे दोन आवाज. एक म्हणतो, "घरपट्टी भरतो ना आम्ही? मग पुन्हा हे पैसे कसले?" दुसरा म्हणतो, "फुकटात कोण देतं हल्ली? खासगी क्लबात जाऊन बघा किती घेतात." दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर महापालिकेच्या वहीत डोकवावं लागतं.

मी पोहायला शिकलो ते गावच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. फी नव्हती, पास नव्हता. शिकवणारा चुलतभाऊ होता आणि खर्च शून्य होता. शहरात विहीर नाही आणि उडी मारायला ओढाही नाही. म्हणून तलाव बांधावा लागतो, आणि बांधलेल्या तलावाला रोज पैसे लागतात. सगळा प्रश्न तिथून सुरू होतो.

आधी जत्रेकडे बघू

गावची जत्रा कशी उभी राहते? प्रत्येक घराकडून वर्गणी निघते. त्यातून मांडव, दिवाबत्ती, पाण्याची सोय आणि महाप्रसाद होतो. महाप्रसादाच्या पंगतीत कुणी पावती विचारत नाही, ज्याने वर्गणी दिली नाही तोही जेवतो. कुस्त्यांच्या फडाचं इनामही बहुतेक वेळा याच वर्गणीतून निघतं, आणि बघायला सगळा गाव बसतो. पण पाळण्यात बसायचं असेल तर तिकीट ज्याचं त्याने काढायचं. आणि खेळण्यांचं दुकान थाटणाऱ्याने जागेचं भाडं भरायचं, कारण तो कमावायला आलेला आहे.

म्हणजे एकाच जत्रेत तीन हिशेब चालतात: सगळ्यांचं ते वर्गणीतून, एकट्याच्या मौजेचं ते तिकिटातून, धंद्याचं ते भाड्यातून. गावाला हे कुणी शिकवलेलं नाही. शहरात वर्गणीच्या जागी कर येतो, तिकिटाच्या जागी फी येते, आणि नेमकं इथेच आपलं गणित विस्कटतं. कोणती सोय महाप्रसाद आहे आणि कोणती पाळणा, हे महापालिका कधी ठरवून सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

एखादी सोय चालवायला जेवढा खर्च येतो, त्यातला किती भाग ती वापरणाऱ्यांच्या फीमधून परत मिळतो, याला खर्चवसुली म्हणतात. शंभर रुपये खर्च आणि चाळीस रुपये फी जमा, तर खर्चवसुली चाळीस टक्के. उरलेले साठ करदाते भरतात. या लेखात लक्षात ठेवण्यासारखा जड शब्द एवढा एकच आहे.

तलावाला एवढे पैसे लागतात तरी कशाला?

५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी मावतं. हे पाणी रोज गाळायचं, त्यात योग्य प्रमाणात क्लोरीन टाकायचं, पंप चालवायचे. काठावर जीवरक्षक हवेत आणि तेही प्रत्येक पाळीला. त्याशिवाय पंपचालक, सफाई कामगार, रखवालदार.

आता एक गोष्ट बघा. सकाळच्या बॅचला तीस जण आले काय आणि ऐंशी जण आले काय, गाळायचं पाणी २५ लाख लिटरच असतं. वीजबिल आणि पगार जवळजवळ तेच राहतात. रिकामी एसटी असो वा भरलेली, डिझेल जवळपास तेवढंच जळतं, तसं हे आहे. वाढीव माणसामागे वाढीव खर्च नगण्य. म्हणून तलावाचं खरं नुकसान स्वस्त पासाने होतं त्याहून जास्त रिकाम्या पाण्याने होतं.

एक काल्पनिक तलाव घेऊन हिशेब मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. वर्षाचा खर्च ६० लाख: पगार ३२, वीज १४, रसायनं आणि गाळणी ६, दुरुस्ती ८. वर्षातले दहा महिने तलाव चालतो, महिन्याला ५०० रुपयांचा पास आहे आणि सरासरी ५०० पासधारक आहेत. वर्षाला २५ लाख जमा होतात, म्हणजे खर्चवसुली साधारण ४२ टक्के.

एखादा अधिकारी म्हणाला, "दर दुप्पट करा, ५० लाख येतील." कागदावर येतात. पण पास १,००० रुपयांचा झाल्यावर ५०० पैकी ३०० च माणसं उरली, तर जमा होतात ३० लाख. पाच लाख वाढले आणि दोनशे माणसं गेली. २४० च उरली तर जमा २४ लाखांवर येते, म्हणजे आधीपेक्षाही कमी. उलट दर ६०० केला, दुपारची रिकामी वेळ शाळांना दिली, नोकरदार बायकांसाठी संध्याकाळची एक बॅच वाढवली आणि पासधारक ६५० झाले, तर ३९ लाख जमा होतात. जास्त पैसे, जास्त माणसं. दरवाढीच्या प्रत्येक प्रस्तावासोबत 'किती जण गळतील' याचा अंदाज जोडलेला हवा, तो का हवा हे या उदाहरणातून दिसतं.

आणि गळतं कोण? घरात पैशाची ओढ लागली की आधी आईचा पास बंद होतो, मग मुलीचा. मुलाचा सगळ्यात शेवटी. फीवाढीच्या ठरावात ही गोष्ट कुठेच लिहिलेली नसते, पण घराघरात हाच क्रम असतो.

वहीत न दिसणारा खर्च

वरच्या ६० लाखांत एक रक्कम नाही. टाकीच्या फरशा निघतात, पाइप गंजतात, गाळणी यंत्रणा दहा-पंधरा वर्षांत बदलावी लागते. ही झीज दर वर्षी थोडी थोडी होते, बिल मात्र एकदम येतं. हिशेबाच्या भाषेत हा घसारा.

आपल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्या याबाबतीत शहाण्या आहेत. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, सोसायटीला दर वर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या पैशासाठी, आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधीसाठी सभासदांकडून घ्यावे लागतात. उद्या गच्ची गळली तर पैसा तयार असतो. महापालिकेच्या तलावासाठी किंवा नाट्यगृहासाठी अशी वेगळी गंगाजळी क्वचितच दिसते. मग फाटकावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लागते आणि दोन-दोन उन्हाळे ती तशीच राहते.

याचं मूळ बांधकामाच्या पैशात आहे. नवीन वास्तू भांडवली खर्चातून उभी राहते. त्यासाठी आमदार निधी, खासदार निधी, राज्याचं अनुदान, काही ना काही मिळतं. कोनशिला बसते, फीत कापली जाते. रोजचा चालवण्याचा खर्च मात्र महसुली खात्यातून, म्हणजे महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून करायचा असतो. म्हैस कुणीतरी भेट दिली, वैरण आपली. तलाव मंजूर होताना पुढच्या दहा वर्षांच्या वैरणीचा कागद जोडला जात नाही, ही माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी चूक आहे. तिच्यापुढे फीचा वाद लहान आहे.

मग महापालिकेकडे पैसा नाही का?

पूर्वी महापालिकांचा मोठा आधार जकात होती. मुंबई सोडून इतर महापालिकांत तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर गेली. त्याबदल्यात राज्य सरकार भरपाई देतं, पण स्वतः गोळा केलेला कर आणि मिळालेली भरपाई यांत फरक आहे. हातात उरलेला मोठा कर म्हणजे मालमत्ता कर, आणि तो वाढवायला कुठलाही राजकीय पक्ष धजत नाही. मुंबईत तर २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना तो माफ आहे.

केंद्राच्या वित्त आयोगाकडून शहरांना अनुदान मिळतं. पंधराव्या वित्त आयोगाने त्यातला मोठा भाग पिण्याचं पाणी, स्वच्छता, घनकचरा आणि मोठ्या शहरांसाठी हवेची गुणवत्ता यांना बांधून दिला. ते योग्यच आहे. पण पोहण्याचा तलाव किंवा बालनाट्य शिबिर यांना त्यातून काही मिळत नाही.

कायद्यातली जागाही पाहायला हवी. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं, बागा आणि क्रीडांगणं ही शहरी संस्थांची कामं म्हणून नोंदलेली आहेत, सांस्कृतिक कामंही आहेत. पण महापालिका अधिनियमात कर्तव्यांचे दोन वर्ग आहेत, बंधनकारक आणि ऐच्छिक. पाणी, गटार, दिवाबत्ती बंधनकारक. पोहण्याच्या तलावासारख्या सोयी ऐच्छिक. तंगी आली की कात्री कुठे लागते ते यावरून कळेल.

कर भरतो, मग फी कशाला?

आता रांगेतल्या पहिल्या आवाजाकडे येऊ. त्याच्या बाजूने बोलायचं तर मैदान, बाग, चालायचा रस्ता यांना तिकीट असूच नये, असं माझं ठाम मत आहे. मुंबईसारख्या शहरात माणशी मोकळी जागा साधारण सव्वा चौरस मीटर भरते, म्हणजे एक सतरंजीही धड अंथरता येणार नाही. देशाच्या नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वं १० ते १२ चौरस मीटर सांगतात. जिथे जागा इतकी कमी आहे तिथे फाटकावर खिडकी बसवली, तर ज्याच्या घरात अंगण नाही त्याचं उरलंसुरलं अंगणही जातं.

शिवाय मैदानाचा लाभ फक्त खेळणाऱ्याला होत नाही. पोरं मैदानावर असली की रस्त्यावर नसतात. झाडांची सावली आणि मोकळी हवा बाजूच्या इमारतींनाही मिळते. म्हातारी माणसं चालती राहिली तर सरकारी दवाखान्यावरचा भार कमी होतो. ज्याचा लाभ वाटून जातो, त्याचा खर्चही वाटून घ्यावा.

पण हाच नियम सगळीकडे लावता येत नाही. कुणी मैदान एका दिवसासाठी लग्नाला घेतो, कुणी कंपनीची क्रिकेट स्पर्धा भरवतो, कुणी त्याच मैदानाच्या कोपऱ्यात मोठी फी घेऊन कोचिंग चालवतो. त्यांचा खर्च झोपडीतल्या करदात्याने का उचलायचा? झोपडीतला माणूसही कर भरतो. तो काडेपेटीवर भरतो, साबणावर भरतो.

उतरंड रचून पाहू

जुन्या घरात मडक्यांची उतरंड असायची. तळाला सगळ्यात मोठं मडकं, वर वर लहान होत जाणारी. परदेशातल्या अनेक शहरांचे उद्यान विभाग सोयींची अशीच मांडणी करतात आणि प्रत्येक थरासाठी खर्चवसुलीचं प्रमाण आधीच जाहीर करतात.

तळाच्या मोठ्या मडक्यात मैदानं, बागा, विरंगुळा केंद्रं. इथे वसुली शून्य, सगळं करातून. त्यावर मुलांचं पोहणं शिकणं, सुट्टीतली शिबिरं, महापालिकेची व्यायामशाळा. इथे नाममात्र फी. मी तर म्हणेन, मुलांना पोहायला शिकवणं तळाच्याच मडक्यात असावं. दर उन्हाळ्यात नदी-तलावांत बुडणाऱ्या पोरांच्या बातम्या वाचल्यावर ते मौजेचं काम वाटत नाही. त्याच्या वर मोठ्यांच्या नियमित बॅचेस, बॅडमिंटन कोर्ट, टेनिस, जिथे निम्म्याहून अधिक खर्च वापरणाऱ्याने द्यावा. आणि सगळ्यात वर खासगी समारंभ, चित्रीकरण, व्यावसायिक शिकवण्या. इथे पूर्ण खर्च, शिवाय खालच्या मडक्यांना हातभार लागेल एवढं जास्तीचं.

नाट्यगृह कुठल्या थरात बसवायचं हा यातला अवघड प्रश्न. एकच वास्तू, पण सकाळी बालनाट्य, दुपारी शाळेचं स्नेहसंमेलन, रात्री व्यावसायिक नाटक, दुसऱ्या दिवशी कंपनीचा वर्धापनदिन. म्हणून थर वास्तूचा नाही, वापराचा ठरवावा लागतो. महापालिकांच्या नाट्यगृहांत नाटकाला एक भाडं आणि ऑर्केस्ट्रा किंवा खासगी कार्यक्रमाला वेगळं, ही पद्धत आहेच. उतरंडीचं तत्त्व आपल्याला अगदी अनोळखी नाही. ते सगळीकडे, कारण सांगून, लागू केलेलं नाही इतकंच.

नाट्यगृहाचा लाभ फक्त तिकीट काढणाऱ्याला होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी कोल्हापूर आठवावं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग कुस्ती मैदान उभं केलं आणि त्याला लागून १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. खजिन्यातल्या पैशाने बांधलेल्या या वास्तू पुढे शंभर वर्षं शहराचा अभिमान झाल्या. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह आगीत जळालं. तेव्हा रस्त्यावर उभं राहून रडणारी माणसं सगळीच काही नाटकांचे नियमित प्रेक्षक नव्हती. तरी त्यांचं काहीतरी जळालं होतं. फी घ्यायची म्हटलं तर ती कुणाकडून आणि कशी घेणार? अशा गोष्टींसाठीच कर असतो.

राणीच्या बागेने काय शिकवलं?

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, अनेक वर्षं मोठ्या माणसाला ५ रुपये तिकीट होतं. २०१६ मध्ये हम्बोल्ट पेंग्विन आले, मार्च २०१७ मध्ये त्यांचं दालन उघडलं आणि त्याच वर्षी तिकीट ५० रुपये झालं. लहान मुलांना २५. आई-वडील आणि दोन मुलांच्या कुटुंबाला मिळून १००.

विरोध जोरात झाला आणि त्यामागचा राग खरा होता, कारण वाढ दहापट होती. पण ती दहापट का झाली? इतकी वर्षं तिकीट जागचं हललंच नव्हतं. दर वर्षी रुपया-दोन रुपये वाढले असते तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. दुधाचा भाव आपण असाच पचवतो.

यात एक गोष्ट मला मनापासून आवडली, ती म्हणजे कुटुंबाचा दर. चौघांना सुट्या तिकिटांचे १५० झाले असते, ते १०० वर आणले. सवलत मिळवायला कुणाला उत्पन्नाचा दाखला दाखवावा लागला नाही.

करांचे आणि फीचे दर ठरवण्याच्या रीतीतही फरक आहे. मुंबई सोडून इतर महापालिकांत पुढच्या वर्षाच्या करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात, म्हणजे दर वर्षी निदान चर्चा तरी होते. तलावाच्या पासाला असं वेळापत्रक नाही. तो वर्षानुवर्षं झोपतो आणि एके दिवशी दचकून जागा होतो.

"गरिबांना सवलत द्या, बाकीच्यांकडून पूर्ण घ्या"

ऐकायला हे सगळ्यात न्याय्य वाटतं. व्यवहारात सवलतीसाठी रेशनकार्डाची प्रत, उत्पन्नाचा दाखला, दोन फोटो आणि तीन फेऱ्या लागतात. रोजंदारीवरच्या बापाचा त्यात एक दिवस बुडतो, तो खाडा सवलतीपेक्षा महाग पडतो. आणि बारा वर्षांच्या पोराला मित्रांसमोर 'सवलतवाला' म्हणून उभं राहायला आवडत नाही. ते येतच नाही.

त्यापेक्षा सवलत माणसाला चिकटवण्याऐवजी वेळेला चिकटवावी. आठवड्यातल्या ठरावीक दुपारी सगळ्यांना अल्प दर. महापालिका शाळांच्या मुलांना शाळेमार्फत थेट प्रवेश. सकाळी सहा ते आठ या गर्दीच्या वेळेला जास्त दर. ज्याला सोयीची वेळ हवी तो जास्त देईल, ज्याला पैसा जड आहे तो दुपारी येईल, आणि दोघांनाही कुणी कागद मागणार नाही.

"ठेकेदाराला द्या, कटकट मिटेल"

ठेका देणं मुळात वाईट नाही. चांगला ठेकेदार तलाव स्वच्छ ठेवतो, वेळेवर उघडतो. पण खर्च नाहीसा होत नाही, तो फक्त खिडकी बदलतो. महापालिकेच्या वहीतून गेलेला खर्च पासाच्या किमतीत येऊन बसतो, त्यात ठेकेदाराचा नफा मिळतो. करारात मुलांच्या बॅचचा दर, मोफत तास आणि जीवरक्षकांची संख्या लिहिलेली नसेल तर सगळ्यात आधी त्यांनाच कात्री लागते.

मैदानांच्या बाबतीत मुंबईने हे अनुभवलं आहे. संस्थांना मोकळे भूखंड सांभाळायला देण्याच्या धोरणातून काही ठिकाणी क्लब उभे राहिले आणि आजूबाजूच्या लोकांना फाटक बंद झालं. जानेवारी २०१६ मध्ये नवं धोरण मंजूर झालं तेव्हा नागरिकांनी इतका आवाज उठवला की ते थांबवून भूखंड परत घेण्याची पाळी आली. एकदा सदस्यत्वाची पाटी लागली की ती काढायला वर्षं जातात.

"फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही"

हे वाक्य फार ऐकू येतं. शिवाजी पार्कवर चालायला, बसायला, टेनिस बॉलने खेळायला तिकीट नाही. तिथल्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी येऊन बसणाऱ्यांना त्या जागेची किंमत नाही, असं कुणी म्हणून दाखवावं. नाममात्र फी जबाबदारीची जाणीव देते हे मला मान्य आहे, विशेषतः ठरावीक जागांच्या शिबिरात, जिथे नाव नोंदवून न आल्यास दुसऱ्याची जागा वाया जाते. तिथे दहा-वीस रुपये घ्यावेत. पण हे कारण सांगून शंभराचे पाचशे करता येत नाहीत.

आपण काय विचारू शकतो?

पुढच्या वेळी दरवाढीची बातमी आली की रांगेत वाद घालण्याआधी तीन आकडे मागा. या तलावाचा गेल्या वर्षाचा एकूण खर्च किती? फीमधून जमा किती? आणि किती माणसांनी, त्यांतल्या किती मुलींनी आणि बायकांनी, तो वापरला? महापालिकेच्या अंदाजपत्रकात उद्यान आणि क्रीडा विभागांचे एकत्रित आकडे असतात. एकेका तलावाचा हिशेब शोधायला गेलं तर तो हाती लागणं कठीण.

पण मागता येतो. माहितीच्या अधिकारात महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. २००५ च्या त्या कायद्याचं चौथं कलम तर म्हणतं की अंदाजपत्रक आणि खर्चाची माहिती मागण्याची वाट न बघता संस्थेने स्वतःच जाहीर करावी. तलावाच्या दरफलकाशेजारी अजून एक फलक सहज मावेल: खर्च इतका, जमा इतकी, उरलेले शहराने भरले. तिकीट खिडकीसमोर उभं राहिल्यावर जिथे आपली नजर जाते, त्याच उंचीवर तो लावावा.